चपला बाहेर

घाण पाहून तोंड वाकडं करावं तर ते भागीमावशीनंच. "शीऽ रे!" एवढंच म्हणायची, पण असं म्हणायची, की आपल्या अंगाला वास येतोय की काय म्हणून माणूस स्वतःलाच हुंगून बघे. मावशी आमच्या प्राथमिक शाळेची झाडूवाली, आणि आमची शाळा भरायची कोटात.

कोट म्हणजे फार मोठा किल्ला वगैरे समजू नका. केळवे-माहीमच्या पट्ट्यातल्या आमच्या गावात फिरंग्यांनी बांधलेलं जाड भिंतींचं ठाणं ते. त्यांनी तिथे दारूगोळा ठेवला, मराठ्यांनी शिबंदी ठेवली, इंग्रजांनी जकातीची चौकी मांडली. पुढे पानवेली लावणाऱ्या वाडवळ बागायतदारांनी त्याची वखार केली, कारण त्या गारव्यात विड्याची पानं टिकायची. लहानगी भागी आईबरोबर पाड्यावरून तिथे पानं करंडीत लावायला यायची. पानवेलीच्या वाडीत चप्पल घालून कुणी शिरत नाही, तसं वखारीतही शिरत नसत. वखार गेली, शाळा आली, मावशी झाडू घेऊन तिथेच राहिली आणि तिच्याबरोबर तो नियमही राहिला.

"चपला भायेर!" हे आमच्या शाळेचं पहिलं वाक्य. प्रार्थना त्याच्यानंतर. एकदा तपासणीला साहेब आले आणि बुटांसकट उंबऱ्यावर चढले. मावशी आडवा झाडू धरून उभी. "सायेब, आत पोरं भुईवर बसतात. तुमचे बूट कुठं कुठं जाऊन आले, मला काय ठाव?" हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक! पण साहेबांनी निमूट बूट काढले. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर. आम्ही फिदीफिदी हसलो तर मावशी आमच्यावरच उखडली, "दात काय काढता? सायबानं एकदा सांगून ऐकलं. तुमी ऐकता काय?"

मग शाळेला स्लॅबची नवी इमारत मिळाली आणि कोटाला कुणी वाली उरला नाही. काही दिवस रॉकेलची पिंपं होती. मग कुणीतरी कारखान्यातले निळे रिकामे ड्रम आणून रचले, त्यांच्या वासानं डोकं भणभणायचं. पुढे पत्ते, बाटल्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यात जे काय ते. हल्ली लग्न ठरलेली जोडपी येऊन बुरुजावर फोटो काढतात. नाकाला रुमाल लावून चढायचं, फोटोपुरतं हसायचं, परत रुमाल. किळस येते मला.

मावशी निवृत्त झाली तरी दर दोन-चार दिवसांनी पाड्यावरून चालत यायची, दाराशी चपला काढायची आणि झाडून जायची. मी बोईसरला कारखान्यात नोकरीला. सुट्टीला गावी आलो की दिसायची. एकदा म्हटलं, "मावशी, तुला कुणी सांगितलंय हे?"

"फिरंगी ऱ्हायला, सरकार ऱ्हायलं, पानं ऱ्हायली, तुमी ऱ्हायलात," ती म्हणाली. "एवड्या लोकांनी जागा वापरली. कुणी हागून नाय ठेवली. ते तुमाला शिकल्यावर सुचलं."

गेल्या साली आमच्या वर्गाला उमाळा आला. मोबाईलवर ग्रुप झाला, जुने फोटो फिरले, आणि ठरलं की स्नेहसंमेलन करायचं ते कोटातच. मावशीचा सत्कारही करायचा. तिला सांगायला पाड्यावर मी गेलो. तिला सत्काराचं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "या. पन चपला भायेर. नि जाताना झाडून जायचं."

"शब्द दिला, मावशी," मी म्हणालो. माझ्याच तोंडानं म्हणालो.

दिवस झकास गेला. सगळ्यांनी हौसेनं चपला बाहेर काढल्या, त्या चपलांचेही फोटो काढले. मावशीला शाल-श्रीफळ दिलं. मरून रंगाची शाल, जरीच्या काठाची. ती खांद्यावर घेऊन मावशी लाजत, दहादा काठावरून हात फिरवत बसली होती. मग ती घरी गेली आणि संध्याकाळी बाटल्या निघाल्या. त्यातली एक मीही फोडली, कसलीशी पैज जिंकल्याच्या आनंदात, साक्षात तिसरीच्या वर्गाच्या भिंतीवर. झाडायचं कुणी? उद्या बघू, म्हणालो आणि गाड्यांत बसलो.

सकाळी मी गेलो तो भाड्याचं पातेलं न्यायला. झाडायला नव्हे, खोटं कशाला बोलू?

दाराशी मावशीच्या चपला होत्या. आत ती उकिडवी बसून काचा वेचत होती. उष्ट्या पत्रावळी एका बाजूला गोळा केलेल्या. तिच्या उजव्या टाचेतून रक्त येत होतं आणि समोर ती मरून शाल पसरलेली. शालीत काचांचा ढीग.

"अगं मावशी, शाल कशाला घेतलीस?"

"काच बांधायला जाड फडकं लागतं. पातळात नाय ऱ्हात."

"आणि चप्पल तरी घालायचीस!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तपासणीच्या साहेबांकडेही असं पाहिलं नव्हतं तिनं. "आत? चपला?" मग माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या पायात बूट होते. "शीऽ रे," ती म्हणाली, अगदी हळू.

तिला साखरेचा त्रास होता, हे मला कुठं माहीत? टाच चिघळली. पालघरला नेलं, पाय घोट्यापासून काढावा लागला. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा तिनं जेवलास का विचारलं, काचेचं नाव काढलं नाही. पावसाळा सरता सरता ती गेली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

परवा रविवारी झाडू विकत घेऊन कोटात गेलो. कुणाला सांगितलं नाही. दाराशी चपला काढल्या आणि आत पाहिलं. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत काचाच काचा, काही जुन्या, काही कालच्या. बराच वेळ अनवाणी तसाच उभा राहिलो. पाय पुढे पडेना.

शेवटी चपला घातल्या आणि आत गेलो. शी!