मी सोडवलेली कुस्ती

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट बघत होतो. त्यालाच दवाखान्यात बघायला निघालो होतो. फोन त्याच्या मुलीचा, शीतलचा. "काका, आता तिकडे नका येऊ. बाबाले गावी आणून राह्यलो," एवढंच ती म्हणाली. छातीत दुखतंय म्हणून आदल्या दिवशी आपल्या पायांनी चालत ऑटोत बसलेला माणूस... मी बाकावर बसून राहिलो. यवतमाळची गाडी आली आणि गेलीही.

स्मशानात माझ्या मागे बाहेरगावचे दोघे उभे होते. एक म्हणाला, मोठा पहेलवान होता. दुसरा म्हणाला, "कायचा मोठा? सगळ्या नुरा कुस्त्या." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली, खोटी कुस्ती. माझ्या अंगाची आग झाली. वळून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण तो शब्द त्याच्या तोंडात कोणी घातला ते मला ठाऊक होतं. मी घातला होता. महिना उलटला तरी ते वाक्य कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. नामदेवने जन्मात एकही खोटी कुस्ती केली नाही. खोटेपणा जो काय होता तो आमच्या दंगल कमिटीचा, आणि त्यातही जास्त माझा, कारण कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, म्हणजे जोड लावायची, ते काम माझ्याकडे होतं.

आम्ही एका गावचे, एका वर्गातले. त्याच्या घरी कापूस-तुरीची शेती, माझे वडील तहसिलीत कारकून. पहेलवानकी माझ्या हाडात नव्हती, पण कोणात किती दम आहे हे मला नुसत्या नजरेने कळायचं आणि त्याचा मला केवढा गर्व! आमच्याकडे दिवाळीनंतर कुस्त्यांची दंगल भरायची. शेवटच्या कुस्तीआधी एक रीत होती. मोठा पहेलवान एक हात वर करून आखाड्याला फेरी मारायचा, आणि ज्याची हिंमत असेल त्याने गर्दीतून पुढे येऊन त्या हातावर हात मारायचा. कोण येईल, कुठून येईल, काही नेम नाही. नामदेवने चार वर्षं अशाच कुस्त्या मारल्या. उंचीने बेताचा, बोलायला तर अगदीच मवाळ, पण एकदा कंबर धरली की सुटका नाही. अमरावतीकडच्या एका धिप्पाड गड्याला त्याने आसमान दाखवलं तेव्हा म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या होत्या. पुढल्या वर्षी पुसद, आर्णी, दारव्ह्याहून माणसं आली आणि जागा नाही म्हणून झाडांवर चढून बसली.

आणि इथेच आम्ही शेण खाल्लं. कमिटीत विषय निघाला की गर्दी नामदेवसाठी येते, तो पडला तर दंगल बसली. उपाय मीच सांगितला. फेरी बंद करा, गडी मी आणतो. मग मी गडी आणायला लागलो. एका वर्षी खांदा दुखावलेला, एका वर्षी वय झालेला, एका वर्षी वजनाने निम्मा. नामदेव त्यांना मिनिटभरात चीत करायचा आणि काहीतरी चोरल्यासारखा उभा राहायचा. पहिल्या वर्षी टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी लोक हसले. पुढे पुढे तर शेवटची कुस्ती लागायच्या आत लोक धोतर झटकत एसटी पकडायला निघायचे. पडेल की काय ही धाकधूकच नसेल तर माणूस उन्हात बसेल कशाला? हे आज कळतं. तेव्हा मी लोकांनाच शिव्या घालायचो.

एक दिवस तो घरी आला. चहाला हात लावला नाही. "लोकं माह्याकडे पाहून हासून राह्यले," म्हणाला. "मले खरा गडी दे. पडलो त पडलो." पुसदकडचा गणपत नावाचा पहेलवान तेव्हा जोरात होता, त्याचंच नाव त्याने घेतलं. मी शब्द दिला आणि गणपतला खरंच बोलावलं. इथपर्यंत मी माणसासारखा वागलो.

तशी कुस्ती आमच्या गावात पुन्हा झाली नाही. पाव तास झाला तरी कोणी कोणाला आवरेना. निघून गेलेले लोक स्टँडच्या वाटेवरून पळत परत आले. शेवटी गणपतने त्याला खाली घेतलं. नामदेव पोटावर, तोंडात माती, मान ताठ, आणि इंचाइंचाने बाहेर सरकत होता. सुटत होता... किंवा पडतही असेल, देव जाणे. कमिटीचे अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, कुस्ती सोडव म्हणून, पडला तर सगळं संपलं. मी पंचाला खूण केली. शिट्टी वाजली, कुस्ती बरोबरीत सुटली. क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग ढेकळं यायला लागली आणि सगळं मैदान नुरा, नुरा म्हणून ओरडायला लागलं. नामदेव मातीत तसाच बसला होता. तो गर्दीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मित्राची पाठ मातीला लागलेली मला बघवली नसती, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. साफ खोटं. मला माझी दंगल बुडालेली बघवली नसती. ती तशीही बुडालीच. नामदेवने पुन्हा लंगोट कसला नाही. माझ्याशी बोलणंही टाकलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. लग्नाकार्यात शेजारी येऊन बसायचा, गुडघे कसे आहेत विचारायचा. एकदाच, पोळ्याच्या दिवशी, बैल बघत उभे असताना आपणहून म्हणाला, "मी पडलो असतो न, त लोकायनं मले खांद्यावर घेतलं असतं."

तेरवी झाल्यावर शीतल मला त्यांच्या शेतात घेऊन गेली. तिथे टिनाच्या शेडखाली त्याने आखाडा केला होता आणि गावच्या पोरापोरींना तो शिकवायचा, हे मला ऐकून माहीत होतं. बघायला मी कधी गेलो नव्हतो. आता ती शिकवते. माती खणून, ताक-तेल घालून मऊ केलेली. पोरं गोल बसली होती. कोणी नावं पुकारत नव्हतं. ज्याला वाटेल तो उठत होता आणि आपला गडी आपणच निवडत होता. एक किडकिडीत पोरगी आपल्याहून दांडग्या पोरासमोर जाऊन उभी राहिली आणि माझ्यातला जुना किडा वळवळला. मी शीतलला म्हणालो, अगं, ही जोड बरोबर नाही, तिला त्या निळ्या चड्डीवाल्याशी लाव.

शीतल जरा घुटमळली.

"काका, राग नका मानू. बाबानं आम्हाले सांगून ठेवलं हाये... काका कधी आले त पहिले खुर्ची द्या, चहा पाजा. पण जोड लावू देऊ नका."

मग तिने खुर्ची आणून दिली आणि मी बसलो.