मीनाला न्यूमोनिया नव्हता

मीना गेल्याचं तिच्या नवऱ्याने, दिलीपरावांनी फोनवर सांगितलं. "न्यूमोनिया झालता," ते म्हणाले… मी काही विचारायच्या आतच. तेराव्याला मी वारासिवनीला तिच्या घरी गेले, तर तिथेही ज्याच्या त्याच्या तोंडी न्यूमोनियाच. महिना होत आला, माझा संताप निवत नाही. बालाघाटच्या कॉलेजातली माझी मैत्रीण टीबीने गेली. जो आजार गोळ्यांनी बरा होतो, त्याने!

आणि ती एकदा बरी झालीही होती. काही वर्षांपूर्वी मळमळ, अशक्तपणा सगळं सोसून तिने गोळ्यांचा कोर्स पुरा केला. डॉक्टर म्हणाले, "अब आप बिल्कुल ठीक हैं." घरी मात्र सासूबाईंनी तिच्या ताटाच्या कडेला लावलेला नेलपॉलिशचा ठिपका तसाच राहिला. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली परतल्या नाहीत. त्या वर्षी महालक्ष्मीच्या जेवणाला मी तिथेच होते. पंगत उठताच मीनाने आपलं ताट सगळ्यांच्या उष्ट्या ताटांत मिसळलं, ढीगभर ताटं घासली, ठिपका खरवडून काढला आणि सासूबाईंना म्हणाली, "आता ओळखा, माहं कोणतं हाये थे!" मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्यासाठी नवं ताट आणलं… वेगळ्या घाटाचं.

तिचा भाऊ समुद्रातल्या एका इवल्याशा देशात नर्स आहे. तो सांगायचा, इथे शेजारी येऊन बसतात, त्यांच्यादेखत पेशंट गोळ्या घेतो, बहुतेक सगळे बरे होतात. गोळ्या त्याच, आपल्याकडे मिळतात त्याच, ताई! त्यावर मीना म्हणाली होती, "चारी बाजूनं समुद्र हाये, लोकं पळतीन कुठं? म्हून जवळ बसत असतीन."

गेल्या दिवाळीत भेटली तेव्हा वाळून गेली होती. खोकत होती.

"राइस मिलची धूळ हाये, बाई."

"मीने, मले शिकवू नको. चाल दवाखान्यात." मी हात धरून ओढलं. तिने सोडवून घेतला.

"औषधानं बरी झालती मी. लोकायनं होऊ देलं नाही. आता पुन्हा थे सारं नाही पाह्यजे मले."

उभं राहवेना तेव्हा दवाखान्यात नेली. तोवर फार उशीर झाला होता… जंतूला दोष देऊन कुणाला मोकळं व्हायचं असेल, तर खुशाल व्हावं. मी होणार नाही.

मी मीनाबद्दल लिहिणार आहे हे कळल्यावर दिलीपराव घरी आले. "ताई, लिहू नका. पोरीचं लगन व्हायचं हाये." पोरीचं लग्न! ती पोरगी, जुई, शेवटपर्यंत आईच्या खोलीत झोपत होती. न्यूमोनिया म्हटल्यावर तिची साधी तपासणीही कुणी करून घेतली नाही.

गेल्या आठवड्यात जुईचाच फोन आला, "मावशी, माह्यासंग चालता का?" बालाघाटच्या दवाखान्यात खिडकीपुढे रांग होती, त्यात ओळखीचे चेहरेही होते. आतून प्रश्न आला, "क्या तकलीफ है?" मी तोंड उघडणार तोच जुई खणखणीत आवाजात म्हणाली, "मम्मी को टीबी थी. मेरी जाँच करो."

आमच्या मागची रांग दोन पावलं मागे सरकली. जुईने हनुवटी वर करून सगळ्यांकडे पाहिलं, अगदी मीना पाहायची तसं, आणि जागची हलली नाही.

रिपोर्ट अजून यायचा आहे. परतताना मी तिला विचारलं, "लिहू का गं?"

"हौ, लिहा. अन् मम्मीचं नाव बी टाका."