पगाराचा दाखला, सव्वा जीबी

त्या फाइलमध्ये काय होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कुणी सांभाळून घेणार नाही. माझ्या खोलीतल्या काकांचे वडील कोकणात दशावतारी नाटकांत काम करायचे. गावच्या जत्रेत त्यांनी शेवटचं काम केलं आणि पंधरा दिवसांत गेले. काकांना रजा मिळाली नाही, इथे तेलाच्या टाक्या दुरुस्तीला काढलेल्या, शटडाऊन चालू होतं. ना जत्रा, ना अंत्यविधी. काकांच्या पुतण्याने जत्रेच्या रात्री मोबाइलवर आख्खं नाटक काढलं होतं, तेवढंच काय ते उरलेलं. आणि ते मी उडवलं.

दुबईच्या पलीकडे फुजैरा, तिथल्या कंपनीच्या खोलीत आम्ही दोघंच. मी स्टोअरमध्ये कारकून, काका स्कॅफोल्डिंगवर, परांच्या बांधायला. वयाने मला वडिलांसारखे, म्हणून काका. बाकी आदर वगैरे काही शिल्लक नव्हता, खोटं कशाला बोलू? माणूस दिसेल त्या बटणावर बोट ठेवायचा. एकदा माझ्या लॅपटॉपवर त्यांनी कुठला तरी नवा पिक्चर उतरवला. दोन तासांचा पिक्चर आणि फाइल केवढी, तर बारा एमबी! वर ‘हा प्लेअर टाका, मगच दिसेल’ अशी पाटी. यांनी टाकला. आठ दिवस लॅपटॉप मेल्यासारखा पडला होता, माझे सगळे फोटो गेले.

त्या दिवशी मी त्यांना असं काही झाडलं की शेजारच्या खोलीतले पठाण बघायला आले. मग शिकवणीच घेतली. नावावर जाऊ नका, नाव कुणीही काहीही देतं. शेवटच्या टिंबानंतरचं शेपूट बघा. पिक्चरच्या नावाखाली प्रोग्रॅमचं शेपूट असेल तर हात लावायचा नाही. साइज बघा. पासवर्डसाठी दुसऱ्या साइटवर पाठवत असतील तर तिथूनच मागे फिरा. पानावर डाउनलोडची पाच बटणं असतील तर सगळ्यात मोठं, हिरवं, तेच खोटं. आणि संशय आला तर उघडून बघायचं नाही, सरळ उडवायचं. काका मान हलवत होते. शेवटी मी म्हटलं, “डोक्यात काही शिरतंय का? परत माझ्या लॅपटॉपला हात लावलात तर याद राखा!”

हे मी पन्नाशीच्या माणसाला म्हणालो.

सुट्टीच्या दिवशी मी केस कापायला गेलो होतो. परत आलो तर खोलीभर सुरमईचा वास. काका मोरीपलीकडच्या स्वयंपाकघरात तळत होते, आणि मला सुरमई आवडते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं की माझी मनधरणी चालू आहे. मी लॅपटॉप उघडला. डाउनलोडमध्ये नवी फाइल. नाव ‘पगाराचा दाखला’, शेपूट पीडीएफचं, साइज सव्वा जीबी.

माझं डोकंच फिरलं. पगाराचा दाखला एका पानाचा असतो हो! सव्वा जीबीत कंपनीतल्या सगळ्यांचे जन्मभराचे दाखले मावतील. इतकी ढळढळीत खोटी फाइल मी आजवर पाहिली नव्हती. मी ओरडलो, “काका! परत हात लावलात ना?”

ते झारा घेऊनच दारात आले. “मी नाय रे बाबा.”

“नक्की?”

“नाय.”

तोंडावर खोटं बोलत होते, ते मला दिसत होतं. नाही ना तुमची? ठीक आहे. मी शिफ्ट दाबून डिलीट मारलं. कचरापेटीतसुद्धा राहू दिलं नाही. त्यांना धडा शिकवायचाच होता, हेही सांगतो. मग त्याच रागात जेवताना बघायला एक पिक्चर उतरवला. तपासून, साइज, शेपूट सगळं पारखून. एक नंबर अस्सल.

ताटं वाढली. काकांनी मधला मोठा तुकडा माझ्या ताटात घातला, हात पुसले आणि हळूच म्हणाले, “तो पगाराचो दाखलो लाव बघया. तेच्यात माझो बापूस आसा.”

मला आधी कळेचना. मग एकेक बाहेर आलं. इथे फोनवरून व्हिडिओ कॉल लागत नाहीत, म्हणून गावात सगळ्यांची पक्की समजूत की दुबईवाले व्हिडिओ म्हटला की अडवतात. पुतण्याने हुशारी केली. कागदपत्राचं नाव द्यायचं, कागदपत्र कोण अडवणार? शेपूटही बदललं आणि उतरवायची लिंक काकांना पाठवली. ‘तुझ्या खोलीतलो तो हुशार आसा, तो नाव बदलून लावीत’ असं त्यानेच सांगितलं होतं. काकांनी “मिळालो” म्हणून कळवलं आणि त्या शहाण्याने मोबाइल भरला म्हणून तिकडचं सगळं पुसलं, लिंकसकट. त्या पुतण्याला मी अजून मनातल्या मनात शिव्या घालतो. पण शेपूट परत व्हिडिओचं केलं असतं तर फाइल चालली असती. दोन सेकंदांचं काम. मी, ज्याने शिकवण्या घेतल्या, त्याने ते केलं नाही.

“उडवली मी,” मी म्हटलं.

“खलास?” काकांनी विचारलं.

“तुम्ही खोटं का बोललात?” मी वर त्यांच्यावरच ओरडलो. निर्लज्जपणा म्हणतात तो हा.

“तू ओरडतंस,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीनंतर लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काका सोबत आले, सेफ्टी शूजमध्येच. दुकानातल्या मल्याळी माणसाने तासभर खटपट केली आणि मान हलवली. “भाई, उसके ऊपर दूसरा फाइल बैठ गया. बहुत बड़ा कोई पिक्चर.” माझा अस्सल पिक्चर.

परतताना टॅक्सीत काकांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. मग काकांनी विचारलं, “तू तरी बघलंस काय रे? वायच?”

त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की माझ्याने ‘नाही’ म्हणवेना. मी म्हटलं, “हो. थोडंसं बघितलं.”

“कसो होतो?”

“जोरात होते काका! राजाचा पार्ट. मुकुट, तलवार, आणि आवाज काय दणदणीत, वा! लोक टाळ्या वाजवत होते.”

 मांडीवरचं हेल्मेट सरळ करत, काका अजिबात न रागावता म्हणाले, “माझ्या बापाशीन जल्मभर बायलमाणसांचेच पार्ट केल्यान. ह्या टायमाक राजाची आई झालो होतो.”

आणि बाहेर बघत बसले. खोली येईपर्यंत मी वाट पाहत होतो, पण त्यांनी मला एक शिवीसुद्धा दिली नाही.