वीरमातेचा नवरा

माझा मुलगा कारगिलच्या युद्धात गेला. त्यानंतर दरवर्षी जुलैअखेर मैलापूरच्या एका सभागृहात शहिदांच्या घरच्यांचा सत्कार व्हायचा. निमंत्रण वीरमातेच्या नावानं यायचं, खाली बारीक अक्षरांत 'सहकुटुंब'. त्या 'सहकुटुंब'मध्ये मी.

पहिल्या वर्षी मला काहीच वाटलं नाही, वाटण्याच्या स्थितीतच नव्हतो. दुसऱ्या वर्षी बायकोला मंचावर नेऊन शाल पांघरवली, तेव्हा मी पाचव्या रांगेत तिची पिशवी आणि छत्री सांभाळत बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कोण?"

"त्यांचा नवरा," मी म्हणालो. मुलाचा बाप, असं तोंडात आलंच नाही.

तिसऱ्या वर्षापासून मला तिचा हेवा वाटू लागला. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच. शेजारणी यायच्या, तिचा हात हातात घेऊन बसायच्या. जिन्यात मी भेटलो तर विचारायच्या, "अम्मा नीट जेवतात ना?" मी जेवतो का, हे कुणीच विचारलं नाही.

त्याला धावायला मी शिकवलं होतं. एन्नोरच्या वीज केंद्रात माझी नोकरी. सकाळची बस गाठण्याआधी मी त्याला समुद्रावर न्यायचो, तो वाळूत धावायचा आणि मी घड्याळ धरून उभा राहायचो. सैन्यात जायचं ठरलं तेव्हा त्याला अठरा पुरी नव्हती. पालकाची सही लागणार होती. ही दोन दिवस जेवली नाही. "सही करू नका," एवढंच म्हणत राहिली. मी केली.

आणि पाहुणे दरवर्षी माईकवर तमिळमध्ये सांगायचे, या आईनं आपला मुलगा देशाला दिला. तिनं कुठं दिला? तिनं तर अडवला होता. दिला मी!

एकदा परतताना रिक्षात मी बोलून गेलो, "तुला दरवर्षी मान मिळतो. मी नुसता पिशवी धरायला."

ती म्हणाली, "त्याची सगळी पत्रं तुम्हाला असायची. बुटांचं काय, थंडीचं काय, सगळं तुम्हाला. मला खाली एक ओळ, अम्माला नमस्कार. माझ्या पोटात दुखलं नसेल? मी कधी बोलले?"

मला हे ठाऊकच नव्हतं.

पुढच्या वर्षी तिचं नाव पुकारल्यावर ती खुर्चीकडे न जाता थेट माईकपाशी गेली. "माझ्या मुलाला वडीलही आहेत," ती म्हणाली. "पाचव्या रांगेत बसलेत. अर्जावर सही त्यांचीच होती."

मी पिशवी-छत्रीसकट वर गेलो. दुसरी शाल नव्हतीच, कुणीतरी घाईघाईनं पाहुण्यांसाठी आणलेला हार माझ्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या, पण माझ्या कानांत 'सही' हा एकच शब्द घुमत होता.

घरी आल्यावर मी विचारलं, "मान दिलास की दोष?"

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण वर एकटीला बसवत नव्हतं."

पुढच्या वर्षापासून निमंत्रणं आईवडील दोघांच्या नावानं येऊ लागली. त्याच वर्षी एन्नोरच्या कोळीवाड्यातले एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदा आले. त्यांची बायको मुलाच्या आधीच वारली होती, म्हणून आजवर त्यांना पत्रच गेलं नव्हतं. त्यांना माझ्याशेजारी बसवलं. शाल पांघरताच ते मोठ्यानं रडू लागले, मुलाचं नाव घेत, नाक शालीलाच पुसत. बायकोनं उठून त्यांना पाणी दिलं.

मी ताठ बसून होतो. मुलगा गेल्यापासून मी चारचौघांत एकदाही रडलो नव्हतो. त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.