अंगठा लागंना

मी शिकवते त्या उंब्रजच्या शाळेत चंद्राबाई पोरांचा भात शिजवतात. नवरा गेल्यावर त्यांनी बायकांच्या बचत गटातून एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, घरात पिठाची चक्की बसवली आणि आठवड्याचा एकही हप्ता न चुकवता ते फेडलं.

शेवटचा हप्ता दिल्यावर आठ दिवसांनी वसुलीवाला यशराज घरी आला. दोन वर्षं दारात येणारा, गोड बोलणारा पोरगा. "मावशी, कर्जखातं बंद करायचं हाय. तेवढा अंगठा द्या," म्हणत त्यानं छोटं मशीन पुढं केलं.

चंद्राबाईंनी अंगठा ठेवला.

"लागंना. परत ठेवा."

त्यांनी पदराला बोट पुसलं, परत ठेवलं. मग तिसऱ्यांदा ठेवलं.

"भांडी घासून रेघाच गेल्यात रं माझ्या. तुला उगंच ताप," असं म्हणून त्यांनी वर त्याला चहाही पाजला.

महिन्याभरानं मानधन काढायला बँकेत गेल्या, तर पासबुकात तीन वेळा तीन-तीन हजार काढल्याची नोंद. खात्याला नवऱ्याचा मोबाइल नंबर होता, तो कधीचाच बंद; त्यामुळं मेसेजही आला नव्हता.

काउंटरवरच्या समीक्षा मॅडम म्हणाल्या, "मावशी, आधारच्या मशीनवर अंगठा लावून काढलेत. अंगठा तुमचाच आहे. तुम्हीच काढलेत."

"अंगठा माझा हाय. पैसं मी काढलं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता त्यांनी हे मला सांगितलं. पैशांपेक्षा दुसरंच काही त्यांना जास्त लागलं होतं. "बाई, मी उलटी त्याचीच माफी मागितली वं," त्या म्हणाल्या आणि कितीतरी वेळ तांदळात नुसता हात फिरवत बसल्या.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. तारीख यशराज आला त्या दिवसाचीच होती. समीक्षा मॅडमनी वेळा तपासल्या. तिन्ही व्यवहार चार मिनिटांतले. मग स्वतः उठून तक्रारीचा फॉर्म घेऊन आल्या, परत कुणी पैसे काढू नयेत म्हणून आधारवरचा अंगठा लॉक करून दिला, खात्याला नवीन नंबर जोडून दिला. "काल मी नीट बघायला हवं होतं, मावशी," असंही म्हणाल्या.

पोलिसांत मात्र चंद्राबाई एकट्या जायला तयार नव्हत्या. त्या गटातल्या बायकांच्या घरोघरी फिरल्या. आणखी तिघींचे पैसे गेले होते. हरणाबाईंचे तर दोनदा. तूच कुठंतरी खर्च केलेस असं मुलगा म्हणेल, या भीतीनं त्यांनी तोंडच उघडलं नव्हतं. चौघी मिळून ठाण्यात गेल्या.

कंपनीचा मॅनेजर धावत चंद्राबाईंकडे आला. "तुमचे पैसे आजच देतो. तेवढी तक्रार मागं घ्या."

"चौघींचं द्या," चंद्राबाई म्हणाल्या. "आन् तक्रार ऱ्हाऊ द्या."

दोन महिन्यांनी तिघींचे पैसे खात्यावर आले. हरणाबाईंची एक जुनी रक्कम अजून चौकशीत अडकली आहे. यशराजची नोकरी गेली, केस चालू आहे.

मध्यंतरी त्याची आई मलकापूरहून आली होती. पोराचं लग्न मोडलं, म्हणून चक्कीजवळ बसून रडली. चंद्राबाई दळण थांबवून तिच्या शेजारी बसल्या.

"लय वाईट वाटलं, बाई. आईच ती," त्या मला म्हणाल्या. "पर अर्ज काय मागं घेतला न्हाई. हरणाबाईचं अजून यायचं हाय."