खुशखबर विचारायची, पण उत्तर नको

आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

लालबागला शेजारच्या काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. माझ्या ओटीत हरभरे घालताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, खुशखबर कधी?"

दरवेळी मी हसून टाळते. आज खरं सांगितलं, "राहिलं होतं, काकू. गेल्या महिन्यात पोटातच गेलं."

"अगं, चारचौघांत असं बोलतात का?"

म्हणजे विचारायचं चारचौघांत, आणि उत्तर आम्ही गिळायचं!

मी तडक निघाले. चपला घालताना काकूंनी मागून येऊन हात धरला. "माझंही गेलं होतं, बेटा. नावसुद्धा ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, कोणाला सांगायचं नाही."

काकूंना आता नातवंडं आहेत. इतकी वर्षं गप्प!

मी नाव विचारलं. काकूंनी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

आत बायका पन्हं पीत होत्या. त्यांच्यातल्या किती जणींनी अशी नावं गिळली असतील?