आधी नळी

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की ब्रह्मपुरीच्या घरातली ती दुपार आठवते. मोठ्या भावाची तेरवी होऊन पाहुणे परतले होते. रिमोटवर तलावात पळवायची त्याची बोट अर्धवटच पडलेली, म्हणून मी बॅटरीच्या वायरीला पिन जोडायला बसलो. आत काहीच वाटत नव्हतं, कथील वितळताना तेवढं दिसत होतं. टाका चांगला बसला, तशी दारातून वहिनी म्हणाली, "भाऊजी, आधी नळी टाकाची राह्यते न वायरीत." जोडावर चढवायची रबरी नळी टेबलावरच राहिली होती, आणि पिन बसल्यावर ती वायरीत ओवता येत नाही. "तुमाले कसं मालूम?" "ते बी दरखेपेले इसरत. मीच आठवन देत होती." एवढं बोलून ती आत तांदूळ निवडायला बसली आणि मी टाका सोडवला. पुढे वहिनी माहेरी गेली. आता आठवण द्यायला कोणी नाही, आणि नळी ओवायला मी विसरतही नाही.